हौसाचा कौल

साळूबाईंनी आयुष्यात मतदान भरपूर केलं होतं, पण मत एकदाही ठरवलं नव्हतं. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, कारखाना असो नाहीतर दिल्लीची खुर्ची, मतदानाच्या सकाळी सुभेदार लालासाहेब चहाचा कप खाली ठेवायचे आणि मिशी पुसत म्हणायचे, "साळू, अवंदा कपबशी." साळूबाई जाऊन कपबशीचं बटण दाबून यायच्या. पुढच्या खेपेला "अवंदा नारळ" म्हटलं की नारळ. कुणाची कपबशी आणि कशाचा नारळ, हे विचारायची रीत त्या घरात नव्हती. मतपेटीला जसं विचारत नाहीत, तसंच.

लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात गोडोलीला घर बांधून राहिले होते, पण जीव अडकला होता तो मेढ्याकडच्या गावच्या राजकारणात. तिथल्या प्रत्येक निवडणुकीत ते पॅनेल उभं करत. दणकट माणूस. त्यांनी दुपारी घोरायला सुरुवात केली की अजिंक्यताऱ्यावरचे मोर ढग गडगडले समजून पिसारा फुलवत आणि आभाळ कोरडं बघून शरमेनं मिटत.

साळूबाईही काही कमी नव्हत्या. पासष्टी ओलांडल्यावर कढीपत्त्याच्या झाडावर चढल्या आणि पडल्या. पाय मोडला, पण हातातली डहाळी सोडली नाही. सरपटत स्वयंपाकघरात आल्या, आधी आमटीला फोडणी दिली, आमटी उतरवली आणि मगच दवाखान्यात गेल्या. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणे हाडाची कमी आणि आमटीचीच चौकशी जास्त करत होता.

आता अशी बाई खाटेवर पडून राहील काय? चार दिवसांत तिनं छताचे वासे मोजले, पाली ओळखीच्या करून घेतल्या आणि त्यांच्या सोयरिकी जमवायला लागली. तेव्हा सून सोनम घाबरली. सोनम माधवनगरची. तिचा भाऊ कपिल तिथं बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये चार पोरं-पोरी जमवून संगणकावरचा खेळ तयार करत होता. खेळ बाजारात आणण्याआधी घरच्या-दारच्या माणसांना खेळवून बघायचं चाललं होतं. सोनमनं सासूच्या डोक्याला हेडफोन लावला, हातात तो बटणांचा दांडू दिला आणि समोर टीव्ही लावला.

"आत्या, ह्यात शिरलं की आपण आपण नसतो. एक सोंग घ्यायचं आणि त्याच्याच तोंडानं बोलायचं."

"म्हंजी बोहाड्यातल्या मुखवट्याच्या सोंगावानी?"

"तसंच समजा. पण मध्येच कुणी घरचं बोललं ना, की आभाळात शिंग वाजतं. मग त्याचा आवाज थोडा वेळ बंद."

खेळाचं नाव 'काळधार'. काळधार ही नदी. एका तीरावर गड, दुसऱ्या तीरावर रान. गडावर पंखांचे घोडे आणि चिलखतं घातलेली फौज, रानात बोलणारी झाडं आणि माणसांची जनावरं होणारी टोळी. नदीत जावयासारख्या खादाड मगरी. गडवाल्यांचं आणि रानवाल्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. साळूबाईंना हे सगळं लगेच समजलं. दोन पॅनेलं होती, एवढंच.

सोंग निवडायची वेळ आली तेव्हा पडद्यावर एक तलवारवाली उभी राहिली. साळूबाईंनी तिला वरून खाली न्याहाळलं.

"एवढ्या डोंगरात, गारठ्यात, ही उघडी का फिरती? आदी तिला लुगडं दे."

खेळात लुगडं नव्हतं. कपिलच्या शेडमध्ये खळबळ उडाली. आठवडाभर पोरांनी डोकं खाजवून कासोटा जमवला, तेव्हा कुठं साळूबाई आत शिरल्या. तलवार त्यांनी घेतली नाही, जादू घेतली नाही. हातात लांब बांबू घेतला, एक नाव घेतली आणि काळधारच्या घाटावर नावाडीण होऊन बसल्या. स्वतःचं नाव ठेवलं हौसा.

पुढं प्लास्टर निघालं, काठी सुटली, पण हौसा काही सुटली नाही. दर रविवारी दुपारी खेळ भरायचा. हौसा मगरीच्या टाळक्यात बांबू हाणून नाव पार नेई. भोवरे कुठं, खडक कुठं, धार कुठं फिरते, सगळं तिला पाठ. घाटावर वस्ती झाली. नावेची वाट बघणारी माणसं तिथंच चूल मांडायला लागली, एकानं तर तिथं भुताटकीच्या कोंबड्यांचा बाजार सुरू केला. खेळात कुठंही काही घडलं की माणसं म्हणायची, हौसाला विचारा.

लालासाहेबांना आधी हा पोरखेळ वाटला. पण आत निवडणुकीसारखं काही आहे हे कानावर आल्याबरोबर त्यांनीही एक हेडफोन मिळवला आणि बाहेरच्या खोलीत संगणकापुढं ठाण मांडलं. थोड्याच दिवसांत ते गडाचे सरदार दणकटराव झाले. रानाच्या टोळीचा म्होरक्या होता कोल्हाजी. हे सोंग घेतलं होतं माधवनगरच्या आप्पासाहेबांनी, म्हणजे सोनमच्या आणि कपिलच्या वडलांनी, म्हणजे लालासाहेबांच्या व्याह्यांनी. लग्नात मानपानावरून झालेली धुसफूस दोघंही आता तिथं तलवारीनं भागवत.

आणि एका रविवारी दणकटरावांनी हौसाची नाव जाळली.

कारण काय, तर नावाडीण रानवाल्यांनाही पार उतरवते असा संशय. संशय कसला, हौसा सगळ्यांनाच उतरवत होती. साळूबाई इकडं आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या होत्या, पडद्यावर त्यांची नाव धडाधडा पेटत होती, आणि बाहेरच्या खोलीत पेटवणारा हेडफोन काढून हाक मारत होता, "साळू, पोहे कर गं. लय भूक लागली."

त्या पोह्यांत शेंगदाणे नव्हते. तेवढाच निषेध झाला. सुभेदारांच्या तो लक्षातही आला नाही. हौसानं मात्र घाटावरच्या लोकांच्या मदतीनं नवी नाव बांधली आणि दणकटराव घाटावर आले की ती पाठ करून उभी राहू लागली.

मग कपिलनं कौल जाहीर केला. येत्या रविवारी प्रत्येकानं गड किंवा रान निवडायचं, सगळ्यांसमोर का ते सांगायचं, आणि मग बदल नाही. कुंपणावर बसायची सोय संपली. हौसा ज्या बाजूला जाईल त्या बाजूला घाटावरची वस्ती जाणार आणि नदी जाणार. नदी ज्याची, खेळ त्याचा.

"आत्या, कुठं जायचं ठरवलंत?" सोनमनं भाजी निवडता निवडता विचारलं.

साळूबाई चमकल्या. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

"मामा सांगतील तसं?" सोनमनं मुद्दाम खडा टाकला.

"त्यास्नी काय ठावं हौसाचं? त्यांनी तिची नाव जाळली."

"मग तुम्हांला काय वाटतं ते..."

"मला काय वाटतं त्याचाबी संबंध न्हाई, पोरी. हौसा काय करंल ते बगायचं. आन ते मलाच ठावं." हे बोलून साळूबाई स्वतःशीच थबकल्या. खरंच ठावं होतं का? तिच्या तोंडी दुसऱ्या कुणाचं बोलणं घालायचं नाही, एवढं मात्र त्या क्षणी पक्कं झालं. सबंध आयुष्यात एक कौल नीट द्यायचा होता.

दुसऱ्याच दिवशी सांगलीच्या गाडीनं आप्पासाहेब अवतरले. हातात भडंगाचं पोतं, बेदाण्याचा डबा, आणि अंगाला माधवनगरच्या वाऱ्याची हळद. त्या वाऱ्यात माणूस घटकाभर उभा राहिला तर बिनखर्चाची हळद लागते, अशी त्याची ख्याती.

"विहीणबाई, लेकीला भेटाय आलो होतो," ते म्हणाले, पण लेकीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "काय त्या गडवाल्यांनी तुमच्या नावेची होळी केली! आमचं काळीज तुटलं बगा. तुमी रानात या. हे गडवाले नदीवर पूल बांधतो म्हणून बोंबलायल्यात. पूल झाला तर तुमच्या नावेला कोण इचारतंय? आमी पूल होऊ देणार न्हाई. नदी तुमची, घाट तुमचा, कायमचा. कोल्हाजीचा शब्द."

"पाव्हणं!" बाहेरून सुभेदारांचा आवाज आला. "आमच्या घरात बसून आमचंच माणूस फोडताय व्हय?"

"छ्या छ्या, भडंग द्यायला आलतो."

"भडंग ठेवा आन चहा घेऊन सांगलीची गाडी धरा."

व्याही गेले, पण सुभेदारांची झोप घेऊन गेले. मोर त्या दुपारी नुसते बसून राहिले. लालासाहेबांनी वीस वर्षं पॅनेलं चालवली होती. सदस्य फुटायची वेळ आली की काय करतात हे त्यांना शिकवायला नको होतं. सदस्याला सहलीला न्यायचं. गाडीत घालायचं, फोन काढून घ्यायचा, चांगलं खायला घालायचं आणि मतदानाच्या घटकेलाच परत आणायचं. अशा सहलींच्या जोरावर त्यांनी एकदा इतके सदस्य इतके दिवस फिरवले होते, की गावात परत आल्यावर त्यांच्याच घरची कुत्री त्यांच्यावर भुंकली.

"साळू, पिशवी भर. सहलीला जायचंय."

साळूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून सुभेदारांनी त्यांना सहलीला म्हणून कुठं नेलं नव्हतं. जेजुरीला नेलं होतं, ते नवस फेडायला.

"कुटं?"

"बामणोलीला. पाण्याकाठी तंबूत ऱ्हायचं, मासं खायचं. रविवारी दुपारी परत. तुझा फोन हिकडं दे, हवा लागून बिघडतो."

बामणोली निवडली ती फोनला रेंज मिळत नाही म्हणून. साळूबाईंना सगळं कळत होतं. त्यांनी फोन दिला, नवं पातळ पिशवीत घातलं, आणि सोनमला डोळा घातला. फुकटची सहल कोण सोडतं?

कासच्या पठारावरून बामणोलीचा रस्ता म्हणजे एका वळणावर शिंकलं तर ती शिंक पुढच्या वळणावर आपल्यालाच लागायची. पण खाली उतरल्यावर कोयनेचं पाणी असं पसरलेलं, की आभाळ वर की खाली याचा बगळ्यांनासुद्धा पेच पडावा. सुभेदारांनी शब्द पाळला. मासे झाले, तांदळाची भाकरी झाली, खुर्ची उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात उचलून द्यायचं कामही त्यांनी स्वतः केलं. साळूबाईंनी राज्य केलं. गरम पाणी दोनदा परत पाठवलं, रश्श्यात मीठ कमी म्हणाल्या, मग जास्त म्हणाल्या. सदस्याचा मान काय असतो तो त्यांना त्या दिवशी कळला, आणि सदस्य का फुटतात तेही.

शनिवारी सकाळी त्या म्हणाल्या, "लाँचमधनं फिरवून आणा. पलीकडल्या तीरापातूर."

सुभेदारांच्या ध्यानात आलं नव्हतं, पण पलीकडच्या तीरावर, डोंगराच्या कुशीत साळूबाईंचं माहेर होतं. आता तिथं भावकीतली दोन घरं उरलेली. लाँच पाण्यात निघाली तशी साळूबाई कठड्याला धरून समोर बघत राहिल्या.

"आवं, गड खरंच पूल बांधणार हाय का?"

"कुठला पूल?" लालासाहेब शेंगा सोलत होते.

"काळधारवरचा. तुमी सांगत फिरताय ना."

"आगं, ती घोषणा. निवडणुकीत बोलावं लागतं. दगड आल्यात खरं, पर ते मी बुरुजाला लावायलोय. बुरूज लांबनं दिसतो. पूल काय, पाण्यात अर्धा बुडालेला."

साळूबाईंनी कठड्यावरून तीराकडं बोट केलं.

"ती बाभळ दिसती? तितनं थोडं वर," त्या म्हणाल्या. "मी धा-अकरा वर्साची आसंन. राहीचुलतीला कळा सुरू झाल्या. पोर आडवं आलंतं. झोळीत घालून पाण्यापातूर आणली. भर दुपार, पर पाऊस असा की हुबं ऱ्हावंना. ह्या तीरावर लाँच हुबी. आमाला दिसती, माणसं दिसत्यात, आमी हाका मारतोय, त्यास्नी ऐकू जातंय. पर पाणी अंगावर येत हुतं, लाँच निघणार कशी? नावाडी तितं गुडघाभर पाण्यात हुबा ऱ्हाऊन रडत हुता. मोठा बाप्या माणूस. मी त्याला रडताना बगितला."

सुभेदारांचा शेंगा सोलणारा हात थांबला. "मग?"

"पोर वाचलं. राहीचुलती न्हाई."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नाही म्हणून, असंही नाही. तशी वेळच आली नव्हती. आणि सांगता सांगता साळूबाईंना हौसा एकदम स्पष्ट दिसली. ती घाटावर का बसली होती, तलवार का घेतली नाही, गडाचा माणूस असो की रानाचा, सगळ्यांना पार का नेत होती. हौसा म्हणजे गुडघाभर पाण्यात उभा राहून रडलेला तो नावाडीच होता, फक्त ह्या खेपेला लुगड्यात.

तेवढ्यात मागून दुसऱ्या लाँचचा फटफटाट ऐकू आला. पुढच्या टोकाला भडंगाची पिशवी झेंड्यासारखी हलवत आप्पासाहेब उभे.

"विहीणबाईऽऽ! रानात याऽऽ!"

"ह्या कोल्ह्याला पत्ता कुणी दिला!" सुभेदार उठून उभे राहिले. "ड्रायव्हर, दाब!"

मग त्या शांत पाण्यावर जी शर्यत लागली तिला तोड नाही. दोन्ही लाँच अशा पळाल्या की मासे बाजूला होऊन बघायला लागले आणि एका पाणकोंबडीनं म्हणे दडपणानं वेळेआधी अंडी घातली. आप्पासाहेबांनी नेम धरून भडंगाची पिशवी फेकली. ती सुभेदारांच्या छातीवर फुटली. साळूबाईंनी त्यांच्या मिशीतले शेंगदाणे वेचून शांतपणे खाल्ले.

परतीच्या वाटेवर त्या गाडीच्या खिडकीतून वळणं मोजत बसल्या. सुभेदारांना वाटलं, सहल अंगी लागली. साळूबाईंचं मात्र आत चाललं होतं. पूल गडाच्या बाजूलाच होता, निदान बोलण्यात तरी. हौसा गडाकडं जाणार हे त्यांना कळून चुकलं होतं. आणि तिथंच खरी मेख होती. हौसा गडावर गेली की हा बाबा साताराभर सांगत सुटणार: बघा, मासे खायला घातले, मत फिरलं. साळूनं सांगितलं तसं बटण दाबलं. नुसतं त्याचं नाक कापायला म्हणून रानात जावं असं त्यांच्या मनात दोन वळणं टिकलं. तिसऱ्या वळणाला त्यांनी स्वतःलाच विचारलं, हौसानं असं केलं असतं? हौसा पाण्याकडं बघून ठरवायची. नवऱ्याकडं बघून हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, दोन्हीत कौल नवऱ्याचाच. तिथं त्यांचा चेहरा निवळला. एवढा की सुभेदारांनी गाडीवाल्याला खूश होऊन चहा पाजला.

रविवारी दुपारी काळधारचा घाट माणसांनी फुलून गेला. आभाळात पंखांचे घोडे, काठावर बोलणारी झाडं, मगरीसुद्धा तोंडं मिटून रांगेत. लालासाहेब बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून बसले, साळूबाई आतल्या खोलीत. सोनम मधल्या दारात, दोन्हीकडं नजर ठेवून. माधवनगरच्या शेडमधून कपिल भाट होऊन बोलत होता.

"घाटाची हौसा पुढं यावी! गड की रान? आणि का?"

हौसा बांबू टेकत दगडावर चढली. साळूबाईंनी एकदा घसा साफ केला, आणि मग आवाज कुठून आला हे त्यांनाही कळलं नाही.

"मी हौसा. ह्या गडाच्या सरदारानं माझी नाव जाळली, ते समद्यांनी बगितलं. रानवाल्यांनी मला शब्द दिलाय, पूल हुणार न्हाई, नदी कायमची तुझी. पोटाकडं बगितलं तर रान बरं. रागाकडं बगितलं तरी रानच बरं."

रानवाल्यांनी आरोळी ठोकली. कोल्हाजीनं शेपूट उंचावलं.

"पर मी पल्याडच्या तीरावर माणसं हुबी ऱ्हायलेली बगितल्यात. पाणी चढतं, नाव निघत न्हाई. माणूस दिसतंय, हाक ऐकू येतीय, आन आपुन हितं हुबं. मी कितीबी चांगली नावाडीण आसले तरी पुराम्होरं मी कोण? पूल पायजे. माझी नाव काठाला कुजली तरी पायजे. मी गडाकडं येते."

"शाब्बास साळू! मासं लागू पडलं!" दणकटराव गडाच्या पायरीवरून गरजले.

आभाळात शिंग वाजलं. असं वाजलं की घोड्यांनी पंख मिटले. दणकटरावांचा आवाज बंद. ते नुसते पायरीवर उड्या मारत राहिले.

"थांबा," हौसा म्हणाली. "माझं झालं न्हाई. मी सरदारासाठी येत न्हाई, पुलासाठी येते. आन पुलाचं दगड कुठं हायती? वर बगा. बुरुजाला लागल्यात."

सगळ्या माना वर गेल्या. बुरूज लांबून छान दिसत होता.

गडवाले आपला सरदारही अशाच मेळाव्यात ठरवत. ज्याच्या मागं मशाली जास्त तो सरदार. आजवर नाव एकच असायचं म्हणून ह्याकडं कुणी लक्ष देत नसे. हौसानं बांबू जमिनीवर आपटला.

"ज्याला बुरूज पायजे त्यानं पायरीवर ऱ्हावं. ज्याला पूल पायजे त्यानं मशाल घेऊन माझ्या मागं यावं."

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. सुभेदार हेडफोनसकट उठले, वायर ताणली, हेडफोन तिथंच राहिला आणि ते एकटेच आतल्या खोलीत पोचले.

"साळू! आगं हे काय चालवलंयस? आपल्याच पॅनेलात बंडखोरी? नवऱ्यासमोर फॉर्म भरतीस?"

साळूबाईंनी एका कानावरचा हेडफोन उचलला. "आवं, खेळ चाललाय. काय बोलायचं ते सरदारानं तितं येऊन बोलावं. दादल्याचं हितं काम न्हाई."

"पर माजा आवाज बंद हाय!"

"मग शिंग कुणी वाजवाय लावलं?"

सोनम दारात पदर तोंडात कोंबून उभी होती. "मामा, तुमचा दणकटराव तिकडं एकटाच उभाय. भिंतीकडं तोंड करून."

ते खरं होतं. सरदार भिंतीला नाक लावून उभा, आणि पायरीवरून एकेक मशाल खाली निघालेली. आधी घाटावरची वस्ती आली. मग गडाचे भालेवाले आले. मग, दणकटरावांनी स्वतः वाढवलेले पंखांचे घोडे आले, खाली मान घालून. शेवटी पायरीवर सरदार उरला आणि एक आंधळं घुबड, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"गडाची सरदारीण," भाटानं पुकारलं, आणि कपिलचा आवाज क्षणभर भाटाचा राहिला नाही, "हौसा!"

कोल्हाजी लंगडत घाटावर आला. आप्पासाहेबांनी सोंग मात्र सोडलं नाही. "नावाडणी, रानाला पाठ दावलीस. आमी काय वाईट केलं तुझं?"

"काय बी न्हाई, कोल्हाजी. पूल दोन्ही तीरांना टेकतो. त्याचं एक टोक तुमच्याच दारात येणार हाय. बोलणाऱ्या झाडांना इचारून ठेवा, पयला खांब कुणाच्या मुळाला लागत न्हाई ते."

कोल्हाजीनं कान खाजवला. "इचारतो," तो म्हणाला, आणि रानात निघून गेला.

सुभेदार अजून आतल्या खोलीत उभे होते. टीव्हीच्या पडद्यावर मशालींचा उजेड नदीभर पसरला होता आणि मधोमध कासोट्यातली बाई बांबू टेकून उभी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग खाटेवरच्या बाईकडं बघितलं. आणि वळून बाहेर गेले.

साळूबाईंनी त्यांच्यामागं बघितलं नाही. कान मात्र तिकडं होते. खुर्ची कुरकुरली. उठून गेले असते तर गेले असते. हौसाला त्याचं काही नव्हतं. तिनं माणसं लावून बुरुजाचे वरचे दगड उतरवायला घेतलेसुद्धा.

मग हेडफोनमध्ये खरखर झाली.

"सरदारीण," फौजेतला जुना, ताठ आवाज आला. आभाळात शिंग वाजलं नाही. "दणकटराव हजर. हुकूम?"

साळूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग हौसानं नदीकडं बोट केलं.

"पाण्यात उतरा. पयला खांब कुटं धरंल, तळ बगून या. मगरी मी सांबाळते."

"चिलखत घालून जाऊ का काढून?"

"इचारताय काय? बुडाल की."

दणकटराव काठावर बसले. आधी शिरस्त्राण काढलं, मग छातीवरचं पोलाद, मग सोन्याचे खांदे, मग गुडघ्यांवरच्या वाट्या. सगळं वाळूत नीट ओळीनं मांडलं, फौजेतल्यासारखं. आणि मग नुसत्या बंडीवर, हात थोडे वर धरून, काळधारच्या गार पाण्यात एकेक पाऊल टाकत ते आत जायला लागले.